घरट्यात अळ्या झाल्या, फवारू काय?

प्रश्न: नमस्कार सर, आमचं गाव हिंगणघाटजवळ. ओसरीत टांगलेल्या खोक्यात चिमणीनं घरटं केलं, चार पिल्लं होती, दोन मेली अन् खाली पाहतो तं अळ्याच अळ्या. उरलेली दोन सुस्त पडून राहतात. आई म्हणते पऱ्हाटीवरचं औषध थोडं मारून दे. मारू काय?

उत्तर: नका मारू जी. 2017 मध्ये यवतमाळात फवारताना धडधाकट माणसं दगावली, हे तर उघड्या कातडीचं मुठीएवढं पिल्लू.

अळ्या कुठं होत्या ते पहिले पहा. मेलेल्या पिल्लावरच असतील तर त्या बहुतेक नंतर आल्या, हिरवी-निळी माशी मेलेल्यावर अंडी घालतेच. पण जित्या पिल्लाखाली, तळाच्या गवतात लपलेल्या असतील अन् पोटातून लालकाळं रक्त दिसत असेल तर त्या रक्त पिणाऱ्या. आशिया-आफ्रिकेत पॅसेरोमायिया, युरोप-अमेरिकेत प्रोटोकॅलिफोरा या माश्यांच्या अळ्या असं करतात. मोठी माशी रक्त पीत नाही, अंडी घालून निघून जाते. अळ्या पिऊन परत तळाशी, त्यामुळं वरून पाहिलं तर घरटं साफच वाटते. पिल्लू फिकट पडते, चोच वर करून मागायचा जोर राहत नाही, वजन अन् पंख मागं पडतात. मरतेच असं नाही, आईबापानं किडे भरपूर आणले तर निभावते, झड लागून चारा घटला की तेवढ्याच अळ्या भारी पडतात.

खरे हाल पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरच्या फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांचे. बाहेरून आलेली फिलोर्निस डाउन्सी ही माशी 1997 मध्ये त्यांच्या घरट्यांत सापडली. तिच्या बारक्या अळ्या नाकपुडीत शिरतात, काही घरट्यांत सगळीच पिल्लं जातात, जगलेल्यांपैकी काहींची चोच कायमची बिघडते. तिथं संशोधकांनी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला कापूस बाहेर ठेवला, पक्ष्यांनी तो स्वतःच घरट्यात विणला अन् अळ्या जवळपास संपल्या. पण ते सौम्य, मोजून लावलेलं औषध, आपल्या पंपातलं नाही, म्हणून कापूस भिजवून ठेवायची आयडिया कोणी करू नका.

तुम्ही मेलेलं पिल्लू लगेच काढा, दिसतील त्या अळ्या चिमट्यानं वेचा, घरटं मोडू नका. हात लागला म्हणून चिमणी पिल्लं टाकत नाही. पिल्लं उडाली की आतलं गवत जाळा, कोष त्यातच राहतात, अन् खोक्यात उकळतं पाणी ओतून कडक उन्हात ठेवा.