ओहोटीला खाडीच्या चिखलाला येणारा वास सगळा सांडपाण्याचाच असतो का?

तुम्ही विचारलंय की ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठी ओहोटीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, चिखल काळाकुट्ट दिसतो, तर खाडी मेली का?

नाही. नुसत्या वासावरून तसं ठरवू नका. तिवरांखालचा चिखल निरोगी खाडीतही काळा असतो. गळालेली पानं, शेवाळ, मेलेले जीव गाळात रुततात आणि जिवाणू ते कुजवतात. इतक्या बारीक गाळात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो. त्याखालचे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात, आणि ते लिटरमागे २.७ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे तोटा नाही. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तोच हा वास. गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की काळा रंग येतो.

बिघडतं ते पचनापेक्षा जास्त माल पडायला लागल्यावर. शिकत असताना मी ओहोटीला पीव्हीसी पाइपचा तुकडा चिखलात दाबून नमुने काढायचो. तिवरांजवळच्या नमुन्यात वर नखाएवढा तपकिरी थर, मग काळा. आजूबाजूला खेकड्यांची बिळं, निवट्यांच्या (चिखलात उड्या मारणाऱ्या छोट्या माशांच्या) उड्या. या बिळांतूनच ऑक्सिजन खाली उतरतो. पाच मिनिटांवर, नाल्याच्या तोंडाशी, तपकिरी थर नावालाही नव्हता. काळेपणा थेट वरपर्यंत, त्यावर गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंची पांढरी साय, आणि चिमटीत येतील असे दोऱ्यासारखे तांबडे किडे. बीळ एकही नाही. ते बघून मला खरंच गलबलून आलं होतं, कारण याच पट्ट्यात आमच्या घरातल्या बायका कालवं काढायच्या.

गाळात कुजणारा हा माल पानांचा की मैल्याचा, तेही प्रयोगशाळेत कळतं. आपल्या आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टॅनॉल बनवतात, ते गाळात टिकून राहतं. तिवराच्या पानात ते नसतं.

ठाण्याकडची बाजू जास्त सोसते. खाडी तिथे अरुंद आहे, भरती-ओहोटीने ती नीट धुतली जात नाही. २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली याचा मला मनापासून आनंद आहे, पण गाळाचं दुखणं त्याने कमी होत नाही. उद्या सगळे नाले बंद केले तरी साठलेला गाळ पुढे कित्येक वर्षं पाण्यातला ऑक्सिजन खात राहील आणि अमोनिया सोडत राहील.

बघायला जाल तेव्हा बिळं आहेत का ते काठावरूनच बघा. चिखलात एकट्याने उतरू नका, गुडघ्यापर्यंत पाय रुततो आणि भरती चढायला वेळ लागत नाही.