खिडकीखालची बैठक मजबूत व्हावी आणि आत सामानही मावावे, यासाठी काय करावे?

आपला प्रश्न असा आहे की, १५० सेंमी रुंद खिडकीखाली १८ मिमी प्लायवूडची अशी बैठक करता येईल का, जी दोन-तीन माणसे बसली तरी वाकणार नाही आणि जिच्या आतले सामान बाहेरून ओळखूही येणार नाही. करता येईल. त्यासाठी जाड फळी घेण्याची गरज नाही, मात्र आतल्या उभ्या फळ्या कुठे येणार हे कापणीआधीच पक्के करावे लागते.

दोन आधारांच्या मधोमध भार आला की फळीचा बाक त्या आधारांमधल्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे अंतर निम्मे केले तर बाक साधारण एक अष्टमांशावर येतो; हाच फरक जाडीतून मिळवायचा असेल, तर १८ ऐवजी ३६ मिमी फळी घ्यावी लागेल आणि ते झाकण रोज उचलणे नकोसे होईल. मी मध्ये दोन उभ्या फळ्या देऊन सुमारे ५० सेंमीचे तीन खण करण्याचा सल्ला देईन. झाकणे हलकी राहतात आणि एकजण बसलेला असतानाही शेजारचा खण उघडता येतो. प्लायवूडच्या वरच्या थरातील रेषा एका आधाराकडून दुसऱ्या आधाराकडे जातील अशी फळी कापावी.

आता एका बारकाव्याकडे मुद्दाम लक्ष द्या. दोन झाकणे एकाच उभ्या फळीवर टेकतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ९ मिमी आधार येतो आणि तो पुरेसा नाही. म्हणून त्या फळीच्या दोन्ही अंगांना, वरच्या कडेशी समतल, २५ मिमी जाडीची लाकडी पट्टी गोंद आणि स्क्रूने बसवावी. मागच्या भिंतीवरही लेव्हल लावून तशीच पट्टी प्लग-स्क्रूने घट्ट करावी. उभ्या फळ्यांचे वजन थेट जमिनीवर उतरले पाहिजे, कोपऱ्यांतल्या स्क्रूंवर ते लटकता कामा नये; प्लायच्या कडेत आधी बारीक भोक न पाडता मारलेला स्क्रू थर फाकवतो.

झाकण मागे थेट भिंतीपर्यंत नेऊ नये. मागच्या बाजूला १० सेंमीची पट्टी कायमची बसवून तिला बिजागरी लावावी, नाहीतर गादी भिंतीला अडते, झाकण पुरते उघडत नाही आणि हात आत असतानाच खाली येते. झाकणाच्या वजनाला साजेसा, ते हळू मिटवणारा आधारदांडा तर लावावाच. त्यात काटकसर करू नये. पुढची कड २० मिमी बाहेर काढली की तिच्याखाली बोटे घालून झाकण उचलता येते. मूठ लागत नाही आणि समोरचा भाग सलग दिसतो.

गादीसकट उंची ४५ सेंमीच्या आसपास आणि खोली ४५ ते ५० सेंमी ठेवावी. पाय वर घेऊन बसायचे असेल, तर खोली थोडी वाढवावी. गादी बसल्यावर दबते, हे उंची ठरवताना धरावे.

बाहेरची भिंत ओल धरते का, हे काम सुरू करण्याआधी तपासावे. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर आधी ओल थांबवावी, कारण बंद खणात कपडे आणि पुस्तके लवकर कुबट होतात. भिंत कोरडी असली तरी सामान आणि भिंत यांत बोटभर मोकळी जागा ठेवावी आणि पुढच्या फळीला तळाशी हवेसाठी भोके पाडावीत.

घरात लहान मुले असतील तर खिडकीच्या कठड्याची उंची जमिनीपासून न मोजता बैठकीच्या पृष्ठभागापासून मोजावी, कारण मूल त्यावर उभे राहणारच. ती उंची कमी भरली तर बैठकीआधी जाळी बसवावी. मुले लपायला आत शिरतात, म्हणून झाकणाला आपोआप लागणारी कडी कधीही बसवू नये.