पहिली पेटी हायवेपासून लांब ठेवा

भाऊ, सातेरी मधमाश्यांची पेटी घेतलीत, फार चांगलं केलंत. पण धुळे-जळगाव हायवेलगतच्या बांधावर ती ठेवू नका. शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, तरी मातीत मुरलेलं शिसं तसंच राहतं. टायर-ब्रेकच्या झिजेतून जस्त, तांबं रोज पडतंच. हे धातू माश्यांबरोबर पेटीत येतात. यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जागा मिळाली तर उत्तमच.

नवे लोक इथे चुकतात:
- पेटीजवळ स्वच्छ पाणी ठेवत नाहीत, मग माश्या रस्त्याकडच्या गटारावर जातात.
- मध जस्ताच्या पत्र्याच्या डब्यात भरतात. मध आम्लधर्मी असतो, जस्त त्यात उतरतं. काच किंवा स्टेनलेस स्टीलच वापरा.

धातू मधापेक्षा परागात जास्त सापडतात, म्हणून पराग विकायची घाई नको. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचं पुढे बघू, आधी जागा पक्की करा.