‘जेवलीस का?’ विचारणारी माणसं

तिच्याकडे रात्रीचे साडेनऊ, माझ्याकडे पुण्यात संध्याकाळचे सहा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मराठी घरातली, टोरांटोजवळ वाढलेली मुलगी. दक्षिण कोरियात, डेजॉन शहरातल्या एका हागवॉनमध्ये, म्हणजे खासगी क्लासमध्ये, इंग्रजी शिकवायला लागून तीन आठवडे झाले होते.

“ताई, मी चूक केली का? परत जाऊ?”

परदेशी गेलेल्यांचा हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की हल्ली लगेच उत्तर देत नाही. वहीत दोन रकाने करायला सांगते: काय घडलं, आणि मला काय वाटलं.

पहिल्या रकान्यात तिनं लिहिलं, ‘पहिल्याच दिवशी वय विचारलं.’ दुसऱ्यात, ‘भोचक लोक.’

मी म्हटलं, “तू मामाला काय म्हणतेस?”

“तू.”

“आणि काकांना?”

“तुम्ही.” मग स्वतःच थांबली. कोरियन भाषेत क्रियापदाचं रूप समोरच्याच्या वयावर आणि हुद्द्यावर ठरतं. तिचं वय कळेपर्यंत सहकाऱ्यांना तिच्याशी धड बोलताच येत नव्हतं.

पुढची ओळ होती, ‘रोज विचारतात, जेवलीस का. मी काय खाते याच्याशी यांना काय करायचंय?’ कोरियनमध्ये शिजलेला भात आणि जेवण यांना शब्द एकच, ‘बाप’. हे मला तिनंच सांगितलं, आणि सांगता सांगता हसली. आजीसुद्धा फोनवर आधी हेच विचारते, म्हणाली.

तिसऱ्या ओळीवर मात्र मी अडले. एक मुलगा वर्गात म्हणाला होता, टीचर कॅनडाची नाही, कॅनडाचे लोक गोरे असतात. आणि क्लासच्या पत्रकावर फोटो छापला होता तो फक्त गोऱ्या शिक्षकाचा. हेसुद्धा ती ‘त्यांची पद्धत असेल’ म्हणून गिळायला निघाली होती. मी नाही म्हटलं. मुलाला माहीत नव्हतं. पत्रक छापणाऱ्याला माहीत होतं. दोन्ही एका मापानं मोजायचं नाही.

मुलांसाठी तिनं आपल्या शाळेतल्या वर्गाचा जुना फोटो नेला. त्यात निम्मी मुलं तिच्याच रंगाची. संचालकांशीही बोलली. पत्रक काही बदललं नाही.

तरी वर्षाचा करार तिनं पुरा केला. आता त्याच गावात दुसरी नोकरी धरलीय. परवा फोन लागल्यावर मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “ताई, जेवलात?”