बाळाचा व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आला म्हणजे त्याला सिफिलिस झालाच का?

तुमचं बाळ तीन आठवड्यांचं, दिसायला ठणठणीत, व्हीडीआरएल या सिफिलिसच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्ह १:४. बायको बाळंतपणासाठी मालवणला माहेरी, तुम्ही मुंबईत, आणि घरचे म्हणतात अंगावरचं दूध तोडा. सिफिलिस हा शरीरसंबंधातून पसरणारा आजार, आईकडून पोटातल्या बाळालाही होतो; पण एवढ्या रिपोर्टवरून लगेच ‘झालाच’ म्हणता येत नाही.

मी सिंधुदुर्गात लहान मुलांची डॉक्टर आहे. अशा वेळी मी आधी आईची फाईल मागते आणि नेमकी तीच नसते. नाव नोंदवलेलं मुंबईत, सातव्या महिन्यात माहेरी. विचारलं की आजी सांगते, “ती मुंबैकच रवली.”

फाईल का हवी? आईची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) वारेतून बाळात उतरतात, त्यामुळे आजार नसतानाही बाळाची टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह येते. म्हणून दोघांची एकच टेस्ट एकाच लॅबमध्ये करायची. बाळाचं रक्त बाळाच्याच शिरेतलं हवं, नाळेतलं नको. मागचा आकडा मोठा म्हणजे प्रतिपिंडं जास्त: आई १:८ आणि बाळ १:३२, म्हणजे चौपट किंवा जास्त, तर संशय पक्का. पण चौपट नाही म्हणून सुटलो, असंही नाही! आईला बेंझाथिन पेनिसिलिनचे पूर्ण डोस बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी मिळाले होते का, हे बघावंच लागतं. दुसरी अँटिबायोटिक्स यात धरत नाहीत. उपचार अपुरे असतील तर दिसायला चांगल्या बाळालाही आम्ही औषध देतो.

कारण लागण झालेली बरीच बाळं जन्मतः काहीच दाखवत नाहीत. लक्षणं पुढच्या काही आठवड्यांत येतात. नाक सतत वाहतं, कधी रक्ताळलेलं, दूध ओढताना श्वास अडतो. पावसाळ्यात इथे सगळे त्याला सर्दीच म्हणतात. तळहात-तळपायांवर पुरळ येऊन साल निघते. काही बाळं एक हात हलवतच नाहीत, उचललं की किंचाळतात. तो लकवा नसतो, हाड दुखत असतं, आणि एक्स-रेत ते दिसतं. यकृत-प्लीहा वाढणं, कावीळ, रक्त कमी होणं हेही असतं. गरजेप्रमाणे पाठीतलं पाणीही तपासतात.

आजार ठरला तर पेनिसिलिन १० दिवस. एकापेक्षा जास्त दिवस चुकले तर कोर्स पहिल्यापासून. नाही ठरला तरी दर दोन-तीन महिन्यांनी टेस्ट करायची. प्रतिपिंडं फक्त आईकडून आलेली असतील तर सहा महिन्यांपर्यंत टेस्ट निगेटिव्ह होते. टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी टेस्ट मात्र १५-१८ महिने पॉझिटिव्ह राहू शकते, आत्ता त्यावर पैसे घालवू नका.

दूध चालू ठेवा, फक्त स्तनावर जखम असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा. आईच्या फाईलमधल्या इंजेक्शनच्या तारखांच्या पानाचा फोटो आजच मालवणला पाठवा. आणि हो, तुमची स्वतःची टेस्ट झाली का? प्रश्नात ते कुठेच नाही.