हेलिकॉप्टरचं बिल कोण भरणार?

वाचकांचे प्रश्न : ऑफ-पिस्ट (आखलेल्या उतारांबाहेरचं) स्कीइंग, स्की टूरिंग (स्कीवरच डोंगर चढून मग उतरणं) आणि विमा

प्रश्न (पुणे) : फेब्रुवारीत आम्ही चौघं फ्रान्समधल्या शामोनीला जातोय. व्हॅले ब्लांश उतरायची आहे, शिवाय दोन दिवस स्की टूरिंग. व्हिसासाठी 30,000 युरोंचा प्रवास विमा काढलाय. एजंट म्हणतो, सगळं कव्हर आहे. पुरेल का?

उत्तर : व्हिसाला पुरेल, डोंगराला नाही. 30,000 युरो ही शेंगेन व्हिसाची किमान अट आहे. तातडीचे उपचार आणि आजारी माणसाला मायदेशी आणणं त्यात येतं, पण दुखापत कशामुळे झाली तर पैसे मिळणार नाहीत, हे ठरतं पॉलिसीच्या अपवादांच्या पानावर. एजंट ते पान सहसा उघडत नाही. भारतीय प्रवास विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, किंवा जादा प्रीमियम भरून ॲड-ऑन घ्यावा लागतो. तो घेतला तरी ‘विंटर स्पोर्ट्स’ म्हणजे रिसॉर्टने आखलेल्या उतारांवरचं स्कीइंग, एवढाच अर्थ निघू शकतो. व्हॅले ब्लांश आखलेला उतार नाही. एग्वी द्यु मिदीच्या 3,842 मीटरवरून निघून भेगाळलेल्या हिमनदीवरून खाली येणारी ती उच्च पर्वतातली वाट आहे.

पैसे चार ठिकाणी लागतात : शोध, बचाव, उपचार, मायदेशी परत आणणं. पॉलिसीत ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ दिसलं की पहिले दोन त्यात आले असं लोक धरून चालतात. तसं नसतं. ती सोय बहुधा जखमी माणसाला एका इस्पितळातून दुसऱ्या, जास्त सोयींच्या इस्पितळात हलवण्यासाठी असते. तुम्ही धुक्यात वाट चुकून कड्यावर अडकलात आणि हातपाय शाबूत असले, तर वैद्यकीय कारणच नाही, मग क्लेमही नाही. म्हणून ‘सर्च अँड रेस्क्यू’ हे शब्द आणि त्यापुढची वेगळी रक्कम पॉलिसीत छापलेली हवी.

फ्रान्समध्ये एक गंमत आहे. स्की क्षेत्राबाहेरच्या डोंगरात पीजीएचएम, म्हणजे जांदार्मरी या फ्रेंच पोलीस दलाचं पर्वतीय बचाव पथक, हेलिकॉप्टरने उचलतं, त्याचं बिल येत नाही. उलट स्की क्षेत्रात, लिफ्टपासून दोनशे मीटरवर गुडघा मोडला, तर स्की पेट्रोलच्या बचावाचा खर्च तुमच्या नावावर पडतो. लिफ्टवरून थेट घसरत जाता येतं ते ऑफ-पिस्टही त्यात येतं. लिफ्ट पाससोबत दिवसाला काही युरोंत मिळणारा ‘कारे नेज’सारखा विमा याच खर्चासाठी असतो. तो घ्याच, पण मुख्य पॉलिसीऐवजी नव्हे. आणि टूरिंग करताना खिंड ओलांडून इटलीत किंवा स्वित्झर्लंडमध्ये उतरलात, तर फ्रान्सची फुकट सेवा तिथे संपते. गंभीर जखमीला जिनिव्हाच्या इस्पितळातही नेलं जाऊ शकतं. त्यामुळे फक्त फ्रान्सपुरती पॉलिसी नको.

उपचारांसाठी अडीच लाख डॉलरच्या खाली जाऊ नका, असं आमचं मत. मांडीचं हाड किंवा मणका मोडलेला माणूस साध्या सीटवर बसून मुंबईला येत नाही. प्रवासी विमानात स्ट्रेचर लावायला अनेक सीट्स अडवाव्या लागतात, सोबत डॉक्टर किंवा नर्स लागते. एअर ॲम्ब्युलन्सचा खर्च तर याच्या कित्येक पट.

पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेल पाठवा आणि उत्तर ईमेलवरच घ्या. फोनवरचं ‘हो सर, कव्हर आहे’ क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही. असं विचारा : ‘आम्ही आखलेल्या उतारांबाहेर, हिमनदीवर, 3,800 मीटरपर्यंत स्की करणार आहोत, आणि स्किन्स (स्कीच्या तळाला लावायच्या, न घसरणाऱ्या पट्ट्या) लावून चढून टूरिंग करणार आहोत. दोर, हार्नेस, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे काटे) वापरू. हे पॉलिसी क्रमांक अमुक मध्ये समाविष्ट आहे का? उंचीची मर्यादा किती? गाइड सक्तीचा आहे का? जखम नसतानाही शोध-बचावाचा खर्च मिळेल का, किती?’ दोर आणि क्रॅम्पॉनचा उल्लेख गाळू नका. त्या दोन शब्दांवर स्कीइंगचं ‘गिर्यारोहण’ होतं आणि गिर्यारोहणाचा अपवाद वेगळा असतो. ‘प्रशिक्षित व्यावसायिकाच्या देखरेखीखाली’ अशी अट असेल, तर आयएफएमजीए, म्हणजे पर्वतीय गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, बिल्ला असलेला गाइड घ्या आणि त्याची पावती जपून ठेवा.

चौघांपैकी कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर तो फॉर्मवर लिहा. गोळी एकच असली तरी.

प्रश्न (ठाणे) : ऑस्ट्रियात मित्राला हेलिकॉप्टरने उचललं. कंपनीने ‘आमची पूर्वपरवानगी घेतली नाही’ म्हणून क्लेम नाकारला. बर्फात पडलेला माणूस परवानगी कशी घेणार?

उत्तर : घेऊ शकत नाही. म्हणूनच ही अट पॉलिसी घेतानाच वाचायची असते. चांगल्या पॉलिसीत ‘जिवाला धोका असेल तर आधी बचाव, नंतर कळवा’ अशी सूट असते आणि कळवण्याची मुदत दिलेली असते, उदाहरणार्थ 24 किंवा 48 तास. क्रम असा ठेवा : आधी 112 (ऑस्ट्रियात डोंगरासाठी 140), मग जो जखमी नाही त्याने कंपनीच्या असिस्टन्स क्रमांकावर फोन करून केस नंबर घ्यायचा. तो क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर हवा. थंडीत फोनची बॅटरी मान टाकते.

इस्पितळातून निघण्याआधी बचाव पथकाचा अहवाल किंवा केस क्रमांक, डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या मिळवा. नुसतं ‘एकूण इतके युरो’ असं बिल परत येतं. बोर्डिंग पासही फेकू नका.

मित्राने आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जावं. तिथे वकील लागत नाही.

क्लेम अडण्याची आणखी दोन कारणं : बंद केलेल्या क्षेत्रात दोरीखालून शिरणं, आणि दारू. दुपारच्या जेवणाबरोबर घेतलेली गरम वाइन रक्ततपासणीत दिसते.

प्रश्न (म्युनिक) : आम्ही जर्मनीत नोकरीला आहोत, सरकारी आरोग्य विमा आहे. ऑस्ट्रियातलं टिरोल आणि स्वित्झर्लंड इथे टूरिंगसाठी वेगळं काही हवं का?

उत्तर : हवं. युरोपीय आरोग्य कार्डावर सरकारी व्यवस्थेतले उपचार मिळतात. डोंगरातला बचाव आणि जर्मनीला परत आणणं त्यात नाही. सोपा मार्ग म्हणजे जर्मन अल्पाइन क्लबचं, डीएव्हीचं, सभासदत्व. त्यात शोध आणि बचावासाठी 25,000 युरोंपर्यंत संरक्षण येतं. परदेशातल्या उपचारांसाठी वर्षभराचा स्वस्त परदेश-आरोग्य विमा जोडा, जोडी पूर्ण होते.

स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचाव संस्थेचं वार्षिक आश्रयदातृत्व घेणारे बरेच आहेत, पण तो विमा नव्हे. दुसरं कुणी खर्च देत नसेल तर रेगा आपलं बिल माफ करू शकते, एवढंच. रेगाचा क्रमांक 1414. व्हॅले या स्विस प्रांतात, म्हणजे झरमॅट-व्हर्बियेकडे, 144 लावा. तिथे एअर झरमॅट आणि एअर-ग्लेसियर्स या कंपन्यांची बचाव हेलिकॉप्टरं उडतात.

प्रश्न (नाशिक) : इटलीत विमा सक्तीचा आहे असं ऐकलं.

उत्तर : हो, 1 जानेवारी 2022 पासून, पण तो तुमच्या हाडांसाठी नाही. उतारावर तुम्ही दुसऱ्याला धडकलात तर त्याच्या नुकसानीसाठी आहे. तुमच्या पॉलिसीतलं ‘पर्सनल लायबिलिटी’ स्कीइंगला लागू आहे का बघा, नसेल तर लिफ्ट पासबरोबर विकत घ्या. हिमस्खलनाचा धोका असलेल्या जागी ऑफ-पिस्टला ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) जवळ बाळगणंही त्याच कायद्याने बंधनकारक आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : गुलमर्गला स्कीइंगसाठी माझा नेहमीचा मेडिक्लेम चालेल का?

उत्तर : इस्पितळाच्या बिलापुरता बहुधा चालेल. भारतीय आरोग्य विम्यातला साहसी खेळांचा प्रमाणित अपवाद, ज्याचा कोड एक्सक्ल-09, ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेणाऱ्यांपुरता आहे. हौशी माणूस त्यात येत नाही. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीची भाषा मात्र वेगळी असू शकते, आणि पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीत अपवाद अनेकदा जास्त कडक असतो. दोन्ही वेगळी वाचा.

कमतरता आहे ती मधल्या अंतराची. गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा 3,900 मीटरच्या वर सोडतो, तिथून पुढे बहुतेक सगळं ऑफ-पिस्टच. पडलात तर स्की पेट्रोल आणि स्थानिक पोरं स्लेजवरून खाली आणतात, मग रस्त्याने सुमारे 50 किलोमीटरवर श्रीनगर. हाडाचं काम असेल तर बर्झुल्याचं बोन अँड जॉइंट हॉस्पिटल, डोक्याची इजा असेल तर सौऱ्याचं स्किम्स हे मोठं इस्पितळ. आल्प्ससारखं ठरलेल्या सेवेचं हेलिकॉप्टर इथे गृहीत धरू नका. आरोग्य संजीवनी या प्रमाणित आरोग्य पॉलिसीत रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला दर भरतीमागे कमाल 2,000 रुपये आहेत. बर्फातली गाडी, श्रीनगरहून मुंबई-पुण्याला स्ट्रेचरने विमानप्रवास, हे खिशातून जाणार असं धरून रक्कम बाजूला ठेवा, किंवा देशांतर्गत प्रवास विम्यात साहसी खेळ आणि इव्हॅक्युएशन दोन्ही लिहून मिळतंय का बघा.

युरोपात वापरलेला सॅटेलाइट मेसेंजर सोबत आणू नका. परवान्याशिवाय तो भारतात बेकायदा आहे. आणि बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. गटात निदान दोघांकडे, वेगवेगळ्या कंपन्यांचं, पोस्टपेड असू द्या.