‘लॉगबुक पूर्ण आहे मॅडम, पण सलाइन लावायची भीती वाटते’

नर्सिंगच्या मुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा आधी झोपेचं सांगतात, होस्टेलचं सांगतात, मार्कांचं सांगतात. जरा मोकळ्या झाल्या की मग खरं बाहेर येतं. “मॅडम, पेशंटला हात लावायची भीती वाटते. मी चुकीच्या लाइनला आले का?” बीएस्सीच्या मुली विचारतात, जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या विचारतात, आता मुलंही विचारू लागलीत. परवा एका आईनेही फोनवर हेच विचारलं, म्हणून हा अनुभव लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. थिअरीत वर्गात पुढे, पण वॉर्डात कायम मागे उभी. ड्युटीच्या आदल्या रात्री पोटात गोळा यायचा. कोर्स सोडायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं.

“सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?”

“सलाइन लावायची. हात थरथरतात.”

“आजवर किती जणांना लावलीस?”

“लॉगबुक पूर्ण आहे मॅडम. प्रत्येक कामापुढे ते केल्याची सही आहे.”

“लॉगबुकचं नाही विचारत गं. तुझ्या हाताने किती जणांना?”

बराच वेळ ती गप्प राहिली. “एकालाही नाही. डमीच्या हातावर लावलीय फक्त.”

पुढचं मी अनेकींकडून ऐकलेलं होतं. एका खाटेभोवती दहा-बारा जणी, पुढच्या दोघींनाच काय ते दिसणार. स्टाफ सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड, तिला शिकवायला सवड नाही. मग मुलींच्या वाट्याला बीपी, टेंपरेचर आणि फायली. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात एका विद्यार्थ्यामागे 3 पेशंट हे प्रमाण आहे. या मुलीच्या कॉलेजात ते कागदावर पाळलेलंही होतं. पेशंट होते, पण खाटेशी उभं राहून शिकवणारं माणूस नव्हतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांच्या विचाराला मानणारी आहे. ‘मला हे जमेल’ हा विश्वास कुठून येतो, हे त्यांनी 1977 मध्ये मांडलं. सगळ्यात पक्का विश्वास येतो तो स्वतः करून जमल्यावर. त्याशिवाय आपल्यासारख्याच कुणाला ते करताना बघून, कुणी मनापासून धीर दिल्यावर, आणि अंगातल्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो त्यावरूनही तो घडतो. या मुलीला यातलं काहीच मिळालं नव्हतं. अशा मुलीला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणून घरी पाठवणं मला क्रूरपणा वाटतो.

तिच्या परवानगीने मी तिच्या ट्युटरशी बोलले आणि आम्ही दोघी संलग्न हॉस्पिटलच्या मेट्रनना, म्हणजे सगळ्या सिस्टरच्या प्रमुखांना, भेटलो. नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरना सगळं पहिल्यापासून शिकवून त्याही थकल्या होत्या. त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. ठरलं ते असं: एका स्टाफ सिस्टरबरोबर दोनच विद्यार्थिनी, महिनाभर तोच वॉर्ड, तीच शिफ्ट, आणि सकाळी शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती दिली जाते त्या हँडओव्हरपासून हजर. पहिल्या आठवड्यात तिने फक्त ट्रे लावायचा आणि पेशंटशी बोलायचं. नंतर शीर शोधायची. सुई त्याच्याही नंतर.

एके दिवशी ती आली ती खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागली.

“एका आजींच्या शिरा पळत होत्या. सिस्टरने बघितलं आणि मला म्हणाल्या, तू बघ गं. मी पट्टा बांधला, बोटाने चाचपलं. मनगटाच्या जरा वर लागली, दाबली की परत वर येणारी. खालची कातडी अंगठ्याने ताणून धरली. सलाइनची निळी कॅन्युला घेतली, तिरकी घातली, आणि मॅडम, तिच्या चेंबरमध्ये रक्त दिसलं, म्हणजे शिरेतच गेली!”

“आणि हात?”

“थरथरत होते ना. पण आजींना विचारत होते, दुखतंय का, कुठून आलात... त्यात विसरूनच गेले.”

त्या ‘विसरूनच गेले’पाशी मी तिला थांबवलं आणि ते पुन्हा सांगायला लावलं. आधी हात थरथरले की ‘आपण नालायक’ असा तिचा निकाल तयार असायचा. आता तेच हात थरथरले आणि काम झालं. दहा जणींच्या नजरेखाली मुलगी स्वतःची परीक्षा देत असते, तिला आजी दिसतच नाहीत. भरवशाची एक सिस्टर शेजारी असली की लक्ष आपोआप पेशंटकडे जातं. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात हे इतकं स्वच्छ मला क्वचितच बघायला मिळालंय.

तेव्हा मुलींनो, भीती वाटते एवढ्यावरून लाइन चुकली असं ठरवू नका. आधी मोजा, स्वतःच्या हाताने काय काय केलंय. सिस्टरकडे ‘शिकवा ना’ असं मोघम मागू नका. ‘आज पट्टा मी बांधू का, शीर तुम्ही बघा’ असं नेमकं मागा. न केलेल्या कामाची सही घेऊ नका, ती पुढे तुम्हालाच भोवते. आई-वडिलांनी ‘इंजेक्शन देता येतं का’ यापेक्षा ‘आज कोणाच्या हाताखाली होतीस’ हे विचारावं.

कॉलेज आणि हॉस्पिटल यांच्यातला करार खाटांच्या आकड्यावर थांबता कामा नये. यात मी नवीन काही मागत नाही. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा सुरू झाली, तेव्हाही मुली वॉर्ड सिस्टरच्या हाताखालीच शिकत होत्या. करारात सिस्टरचं नाव असू द्या, तिच्या शिकवण्याची नोंद तिच्या कामात धरा. ट्युटरने आठवड्यातून काही दिवस तरी जर्नल बाजूला ठेवून वॉर्डात उभं राहावं. आणि ज्या सिस्टरकडे मुली दिल्यात, तिचे एक-दोन पेशंट त्या शिफ्टला दुसरीकडे द्या. त्याशिवाय ती मुलीच्या शेजारी दहा मिनिटं थांबणार कशी?